कूलरच्या दिवसांतला आवाज

होळी झाली की आमच्याकडे कूलर माळ्यावरून उतरतो. त्याच्यावरची जुनी चादर ओढली की गेल्या वर्षीचा उन्हाळा नाकाशी येतो. वाळलेला वाळा, थोडा गंज, टाकीच्या तळाशी सुकलेलं शेवाळ. मग टाकी घासायची, मोटरीला तेल द्यायचं आणि चिक्कडपल्लीच्या बाजारातून नवा वाळा आणायचा. वाळेवाला दरवर्षी तोच असतो आणि दरवर्षी असा भाव सांगतो, जणू मला पहिल्यांदाच बघतोय. मी चालू लागते, तो हाक मारतो, मी वळत नाही, तो भाव उतरवतो. लोक म्हणतात मी तापट आहे. तसं काही नाही. पहिल्यांदा सांगितलेली किंमत मला शिवीसारखी ऐकू येते, एवढंच. एका शिलाई मशीनवर साड्यांना फॉल लावून सुरुवात केलेल्या बाईला हिमायतनगरात सहा मशीनचं ब्लाउजचं दुकान उभं करायचं असेल, तर कान असेच लागतात.

नव्या वाळ्यावरून पहिलं पाणी उतरतं, पंखा फिरतो आणि तो गार, मातकट, गोडसर वारा हॉलभर होतो. त्या वाऱ्यात मी दरवर्षी सोळा वर्षांची होते. तारनाक्याचं रेल्वे क्वार्टर, दहावीची परीक्षा संपलेली, अंगणात कडुनिंबाचा मोहोर पडलेला. स्वयंपाकघरात आई आणि शेजारच्या तेलुगू काकू आवकाय लोणचं घालायला बसलेल्या; फोडलेल्या कैऱ्या, मोहरीची पूड, हातांना कोपरापर्यंत लागलेलं तेल आणि तिखट. आणि व्हरांड्यात आप्पा, माझे वडील, करवतीने प्लायवूड कापत असलेले. त्या उन्हाळ्यात त्यांच्या मनाने घेतलं होतं की टीव्हीला स्वतःच्या हाताने स्पीकर करायचे. बाजारातले स्पीकर रेल्वेच्या पगारात बसत नव्हते आणि न बसणारी गोष्ट स्वतः करायची, ही त्यांची पद्धत. मोजमापाचे कागद महिनाभर आधीपासून त्यांच्या उशीखाली होते.

खोकी दोन. आप्पांनी जाहीर केलं, एक दादाचं आणि एक सुमनचं, ज्याचं त्याने घासायचं. दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. त्याने आपलं खोकं दोन दुपारींत उरकलं. मी माझं आठवडाभर घासलं, पॉलिश पेपरने बोटांची सालं निघेपर्यंत. आत भरायची काचेची लोकर मीच कापली आणि तिच्या कुसळांनी रात्रंदिवस खाजवत फिरले. लाकडाचा भुसा, सरस आणि ओला वाळा या तिघांचा मिळून एक वास होता, तो नंतर मला कुठे भेटला नाही.

मग वायरी जोडायचा दिवस आला. मी सकाळीच वेणी वर बांधून तयार होते. आप्पांनी सोल्डरिंग आयर्न तापवला आणि दादाच्या हातात दिला.

"आणि मी?"

"तू बॅटरी धर," आप्पा म्हणाले. "खोक्यात अंधार आहे."

"माझ्या खोक्याच्या वेळीही?"

"त्याचं मी करतो. हात भाजेल तुझा."

दादाने त्याच्या खोक्यात जोड मारला, आप्पांनी माझ्या. राळेचा धूर डोळ्यांत जात होता, त्यामुळे माझ्या डोळ्यांना पाणी का आलं ते कोणी विचारलं नाही. पुढे मी हाताने कितीतरी कामं केली, तापलेल्या इस्त्र्या उचलल्या, मशीनच्या मोटरी उघडून झिजलेले कार्बन बदलले, पण त्या दुपारची बॅटरी काही खाली ठेवता आली नाही.

आप्पा गेले, मागोमाग आईही गेली, तेव्हा तारनाक्याच्या घरातलं सामान काढायचं निघालं. आप्पांनी निवृत्तीनंतर तिथेच घर बांधलं होतं आणि ते दादाकडे राहणार हे ठरलेलंच होतं. मला भांडी नको होती, कपाट नको होतं. मी म्हटलं, माझा स्पीकर द्या. वहिनी म्हणाली, "अगं, दोन्ही घेऊन जा ना. आमच्याकडे कोण लावतं?"

मी म्हटलं, "मला भीक नको, हिस्सा हवा. माझं जे आहे तेवढंच."

"एक घेऊन काय करणार?" दादा हसला.

"ते माझं मी बघेन."

जोडीतला एक स्पीकर रिक्षात मांडीवर घेऊन मी घरी आले आणि रस्ताभर मला आपण जिंकल्यासारखं वाटत होतं. बारा वर्षं त्याने माझ्या घरी कुंडी सांभाळली. हिशेबात माझी चूक सहसा होत नाही, पण झाली की अशी होते. बायका चपलेचा जोड कधी वाटून घेतात का? आम्ही दोघं बहीणभावंडं मात्र घेऊ शकतो, आणि वर त्याला न्याय म्हणू शकतो.

यंदाचा कूलर उतरला तेव्हा मला हे सगळं आठवायचं कारण माझे पती, अरविंद. सरकारी नोकरीत आयुष्य गेलं, पण माणूस मनाने विंगेतला. आमच्या मराठी मंडळाच्या नाटकात ते पंचवीस वर्षं प्रॉम्प्टर होते. हातात पुस्तक, पण नजर पुस्तकावर थोडी आणि कान रंगमंचावर जास्त. कोण अडखळणार हे त्यांना आधी कळायचं. श्वास अडकला की कळतं, म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांचा मधला भाग जायला लागला. कडेकडेचं दिसतं, समोरचं पुसलं जातं. माझ्याकडे बघितलं की माझे खांदे दिसतात आणि चेहऱ्याच्या जागी धुकं. डॉक्टरांनी सांगितलं, आहे ते टिकवायचं.

आणि मी काय केलं होतं, तर गेल्याच दिवाळीत भिंतभर टीव्ही घेतला होता. दुकानदाराला दोन तास घामाघूम केलं होतं, भिंतीवरची पट्टी फुकट लावून घेतली होती. पडद्याचा भाव केला. आवाजाचा भाव करायचा असतो हे डोक्यातच आलं नाही. दोन बोटं जाडीचा टीव्ही. त्याचे स्पीकर खाली जमिनीकडे तोंड करून बसलेले. हिवाळ्यात कसंबसं चालून गेलं. कूलर लागला आणि सगळी माणसं पाण्याखाली जाऊन बोलायला लागली. आवाज वाढवला की पार्श्वसंगीत अंगावर येतं आणि बोलणं तिथेच. अरविंद विचारायचे, कोण आलं? मी सांगायची. आता कोण बोलतंय? मी सांगायची. ती गेली का? मला दुकानातून आल्यावर ब्लाउजची बेतणी असते, एकदा मी वैतागून म्हटलं, "अहो, बघू तरी द्या मला."

त्यानंतर ते हॉलमध्ये बसेनासे झाले. मागच्या खोलीत, पंख्याखाली, खुर्चीत. "उकडत नाही का?" विचारलं तर म्हणायचे, "छान वारं आहे." त्या खोलीत वारं नाही. तीस वर्षांत त्यांनी मला सांगितलेलं हे पहिलं खोटं असावं.

मुलगी बेंगळुरूहून फोनवर म्हणाली, साउंडबार घे आई, एक पट्टी असते, टीव्हीखाली ठेवायची. घेतला. परत करण्याची बोली करून घेतला, कारण मी मी आहे. आवाज मोठा झाला, स्वच्छही झाला. मी अरविंदांना हाताला धरून बाहेर आणलं आणि त्यांच्या आवडीचं एक जुनं नाटक लावलं, प्रेक्षकांसमोर चित्रित केलेलं. त्यांनी पाच मिनिटं ऐकलं.

"ऐकू येतंय," ते म्हणाले. "पण सगळे एका खिडकीशी गर्दी करून बोलतायत. रंगमंच कुठेय?"

मग थोड्या वेळाने उठले. त्यांना आवाज हवा नव्हता, जागा हवी होती. कोण डावीकडे आहे, कोण उजवीकडे, दारातून कोण आत येतंय. ज्याला समोरचं दिसत नाही त्याचं घर कानांनी बांधलेलं असतं, हे मला इतक्या महिन्यांत कळलं नव्हतं. मी त्यांना फक्त बातम्या देत होते.

दुसऱ्या दिवशी साउंडबार परत गेला, थोड्या भांडणासह. आणि मी कुंडीखालचा स्पीकर पुसून रिक्षात घातला आणि कोठीच्या गल्लीत खाजाभाईंच्या दुकानात नेला. मशीनच्या मोटरी तेच दुरुस्त करतात, त्यामुळे ओळख आहे. त्यांनी मागची फळी काढली, आत टॉर्च मारली आणि जोडांवरून बोट फिरवलं.

"किनो बनाए अम्मा ये?"

"मेरे वालिद."

"क्या सफाई है. परदे कू कपड़े की कोर है, इस वास्ते बची. फोम की होती तो भुस्सा हो जाती थी कब का. दूसरा किधर है?"

"दूसरा नहीं है. एक को ही चालू करो."

खाजाभाईंनी फळी परत लावली. "एक से आवाज आती अम्मा, बात नहीं आती. दूल्हा लेके आए, दुल्हन किधर है पूछे तो घर पे नहीं बोल रे आप."

"तुमकू जो बोली वो करो."

"हौ, करतूं. मगर साहब के वास्ते है ना? तो दोनों लाओ. छोटा अॅम्प्लिफायर मैं देतूं, टीव्ही के पीछे से एक वायर, बस. नया लेने की जरूरतच नहीं." मग त्यांनी भाव सांगितला. मी चालू लागले नाही. हे मी इथे नोंदवून ठेवते, कारण असं क्वचित होतं. मी तिथेच स्टुलावर बसले आणि विचार करत राहिले की तारनाक्याला जायचं कसं. म्हणजे बस होती, रिक्षा होती. मी तसं म्हणत नाहीये.

दादाकडे जाताना मी वाटेत सगळी बोलणी मनात केली. तो काय म्हणेल, मी काय म्हणेन, कुठपर्यंत खाली यायचं, काय बदल्यात द्यायचं. वहिनीचे वर्षभराचे ब्लाउज, हा माझा शेवटचा आकडा होता. ऊन मी म्हणत होतं, कोपऱ्यावर ताडगोळेवाला हिरवी फळं सोलत बसला होता. मी एक डझन घेतले, रिकाम्या हाताने कसं जायचं. दादाने दार उघडलं. त्याचे केस पार पांढरे झालेत हे मला दर वेळी नव्याने दिसतं.

"सुमे? इतक्या उन्हाची?"

पाणी प्यायले. मग मी म्हटलं, "दादा, तुझा स्पीकर हवाय मला. अरविंदांसाठी."

"घे की," दादा म्हणाला.

मी थांबले. "घे की म्हणजे?"

"म्हणजे घे. अगं, ते कापड काढ त्याच्यावरचं."

"इतकी वर्षं मग का नाही दिलास?"

"तेव्हा तूच नको म्हणालीस. नंतर मागितलास कधी?"

वहिनी आतून हसली. "वन्सं, घासाघीस न करताच सौदा झाला तुमचा."

माझ्या मनात पाल चुकचुकली. पहिल्या शब्दाला मिळालेल्या वस्तूत खोट असते, हा माझा अनुभव आहे.

घरी खाजाभाईंच्या अॅम्प्लिफायरला दोन्ही स्पीकर लावले. खाजाभाईंनी सांगितलं होतं तसे कानांच्या उंचीला, भिंतीच्या कोपऱ्यांपासून दूर, दोघांमध्ये सोफ्याइतकं अंतर, आणि कूलर त्यांच्या समोर नाही तर बाजूच्या खिडकीत. कूलरचा वेग एक खाली. लाल वायर लालमध्ये, काळी काळ्यात. तेच नाटक लावलं. आवाज आला आणि मला वाटलं, हे काय? पोकळ. मोठा, पण पोकळ. बायका-पुरुष सगळे विहिरीत.

अरविंद मान तिरकी करून ऐकत होते. "सुमन, लोक आहेत, पण मध्ये कोणी नाही. मध्ये भोक पडलंय." मग हलक्या आवाजात, "राहू दे ग. तू खूप केलंस." आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला लागले.

ते उठणं मला सहन झालं नाही. मी दादाला फोन लावला आणि जे तोंडाला येईल ते बोलले. बिघडलेला माल दिलास, म्हणून पटकन दिलास, बहिणीलाही सोडलं नाहीस. दादाने आवाज कसा येतोय तेवढं विचारलं. मग म्हणाला, "येतो मी. तोवर त्यांना उठू देऊ नकोस."

तासाभराने तो आला, घामाने शर्ट चिकटलेला. कूलरसमोर उभा राहिला, एक वाक्य ऐकलं आणि सरळ स्वतःच्या खोक्यामागे जाऊन वाकला. "वायरी उलट कर. लाल काळ्यात घाल, काळी लालमध्ये. फक्त माझ्याच."

"का?"

"कारण माझ्या खोक्यात आतला जोड उलटा आहे."

तो जमिनीकडे बघून बोलत होता. "एका स्पीकरचा आतला पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. दोघं एकमेकांचा आवाज खातात. आठवतं का, पहिल्या संध्याकाळी असंच पोकळ वाजलं होतं? दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी बाहेरून वायरी फिरवल्या. आत हात लावला नाही."

"त्यांना माहीत होतं."

"त्यांनीच शोधून काढलं. मला म्हणाले, सुमीला कळू देऊ नकोस. जन्मभर ऐकवेल."

मला हसू आलं आणि त्याच क्षणी डोकं तापलं. बेचाळीस वर्षं. बेचाळीस वर्षं हा विजय माझा होता आणि या दोन पुरुषांनी तो माझ्यापासून लपवून ठेवला. "आणि तूही गप्प राहिलास. मी बॅटरी धरून होते, मला दिसलं असतं. मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं."

"म्हणूनच नाही विचारलं," दादा म्हणाला. मग कपाळावरचा घाम पुसत, "आप्पा आणखी एक म्हणाले होते. पुढचं खोकं झालं की सगळे जोड सुमी मारेल. तिच्या हाताला घाई नाही."

पुढचं खोकं झालं नाही. जूनमध्ये आप्पांची बदली निघाली, मग दादाचं कॉलेज, मग माझं लग्न. आप्पांनी हे मला तोंडावर का सांगितलं नाही, याचा राग मी अजून सोडलेला नाही, आणि सोडायचं वचनही देत नाही. पण त्या दिवशी त्याचं वजन बदललं. दगड तोच, पण पिशवीत निराळा बसला.

वायरी मीच फिरवल्या. दादा म्हणाला, "उद्या आयर्न घेऊन येतो. आतला जोड सुधारून टाकू कायमचा. की तू करतेस?"

मी खोक्यावर हात ठेवला. दादाच्या खोक्याचे कोपरे अजूनही खरबरीत आहेत. आत कुठेतरी अंधारात एकोणीस वर्षांच्या मुलाने घाईत मारलेला जोड होता, आणि बापाने तो तसाच ठेवला होता.

"राहू दे," मी म्हटलं. "चालतंय ना."

"एवढ्या स्वस्तात सोडतेस?"

"मी सोडलं कुठे म्हटलं?"

"तुम्ही दोघं जरा गप्प बसाल का," अरविंद म्हणाले.

नाटक चालू होतं. कूलर घरघरत होता, पण आता त्याचा आवाज एका बाजूला होता, खिडकीत, जिथे तो असायला हवा. आणि हॉलच्या मधोमध, टीव्हीच्याही थोडं पुढे, कोणीतरी उभं राहून बोलत होतं. खरंच उभं. मला शब्दांच्या आधीचा श्वास ऐकू आला. अरविंदांनी हात खुर्चीवरून काढून मांडीवर ठेवले. दादा सोफ्यावर बसला, त्याच्या शेजारी मी. वाळ्याच्या वाऱ्याने खिडकीचा पडदा आत येत होता. वहिनीने अर्धे परत बांधून दिलेले ताडगोळे कापून बशीत ठेवलेले होते, पण कोणी घेत नव्हतं.

मध्येच मला दिवसभराचा शीण आला असावा. क्षणभर डोळा लागला आणि उघडला तर पडद्यावर चित्र बदललेलं.

"ती कुठे गेली?" मी विचारलं.

"आत्ताच गेली, डावीकडून," अरविंद म्हणाले. "मोलकरीण आली आहे उजवीकडून, ट्रे घेऊन. तिला या प्रवेशात वाक्य नाही. चष्मा लाव म्हणजे दिसेल तुला."